नामकरणाची घाई

२८ फेब्रुवारी १९९७ रोजी पी. चिदंबरम यांनी मांडलेल्या अर्थसंकल्पाला वृत्तपत्रांनी ‘ड्रीम बजेट’ म्हटले. पुढच्याच वर्षी अर्थखात्यात आलेल्या यशवंत सिन्हांच्या वाट्याला ‘रोलबॅक’ हे उपपद आले. एकाच्या कपाळी टिळा, दुसऱ्याच्या कपाळी डाग. आणि दोन्ही अद्याप पुसले गेलेले नाहीत. मला या दोघांपैकी कोणाचेही वकीलपत्र घ्यायचे नाही. पण आपली आर्थिक पत्रकारिता या नामकरणविधीपलीकडे क्वचितच जाते, ही तक्रार मात्र नोंदवायची आहे.

ते स्वप्न नेमके कोणाचे होते? प्राप्तिकराचे १५, ३० व ४० टक्क्यांचे दर १०, २० व ३० वर आले, देशी कंपन्यांचा कर ४० वरून ३५ टक्के झाला. संपादक, त्याचा वाचक आणि त्याचा जाहिरातदार हे तिघेही करदाते. तेव्हा स्वप्न गोड वाटले यात नवल नाही. त्याच अर्थसंकल्पात दडवलेले उत्पन्न स्वेच्छेने जाहीर करण्याची योजना होती. तीतून सुमारे १० हजार कोटी रुपयांचा कर मिळाला, आणि त्याचाही जयजयकार झाला. दागिन्यांचे मूल्य १९८७ च्या भावाने धरण्याची मुभा होती. म्हणजे ज्याने चोरले त्याला प्रामाणिक करदात्यापेक्षा स्वस्तात सुटका. महालेखापरीक्षकांनी पुढे या योजनेवर कठोर ताशेरे ओढले. वित्तीय तूट ४.५ टक्क्यांवर राखण्याचा संकल्प साफ फसला, विकासदरही घसरला. आता, एप्रिलमध्ये देवेगौडा सरकार पडले, जुलैत पूर्व आशियाई संकट उद्भवले. सगळा दोष मंत्र्याच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. मग एका रात्रीत सगळे श्रेय देणे कोणत्या न्यायाचे?

सिन्हांनी १९९८ मध्ये युरियाच्या आणि २००२ मध्ये गॅसच्या दरवाढीतून माघार घेतली, हे खरेच. पण १९९१ साली मनमोहन सिंग यांनीही खतांची ४० टक्के दरवाढ ३० वर आणली आणि लहान शेतकऱ्यांना तीतून वगळले. २००४ मध्ये चिदंबरम यांनी शेअर व्यवहारांवर ०.१५ टक्के कर सुचवला. दलाल स्ट्रीटवर आरडाओरडा होताच दिवसभरात उलटवल्या जाणाऱ्या सौद्यांसाठी तो एकदशांशावर आला. २००५ मध्ये बँकेतून रोकड काढण्यावरचा कर १० हजारांऐवजी २५ हजारांपुढे लावण्यात आला. ‘रोलबॅक’ हा शब्द यांपैकी कोणाच्याही नावाला चिकटला नाही. गृहिणीसाठी घेतलेली माघार दुबळेपणाची आणि दलालासाठी घेतलेली समंजसपणाची, असा हा शब्दकोश आहे!

सिन्हांच्या काळातच उत्पादनशुल्काचा १६ टक्के हा एकच मध्यवर्ती दर आला, वित्तीय शिस्तीचे विधेयक डिसेंबर २००० मध्ये संसदेत मांडले गेले आणि एप्रिल २००२ पासून पेट्रोलियम पदार्थांची प्रशासित दरपद्धती मोडीत निघाली. यांतले काहीही एका शब्दाच्या मथळ्यात मावणारे नव्हते. लोकांच्या लक्षात राहिले ते संध्याकाळी पाचऐवजी सकाळी अकरा वाजता झालेले भाषण.

आजही १ फेब्रुवारीला दूरचित्रवाणीवर उद्योगपतींना दहापैकी किती गुण, असे विचारले जाते. अंधार पडायच्या आत निकाल लागतो. त्या आकड्यांचे खरोखर काय झाले, ते दोन वर्षांनंतरच्या अर्थसंकल्पात ‘प्रत्यक्ष’ या रकान्यात छापलेले असते. त्या रकान्यासाठी कोणीही पाहुणे बोलावत नाही.