मुंबईत थंडी पडली की हवा का बिघडते?

जानेवारीत सांताक्रूझचं किमान तापमान १६-१७ अंशांवर उतरलं की मुंबईकरांच्या फोनवर दोन प्रकारचे फोटो फिरू लागतात. एकात लोकलच्या दारात कानाला मफलर गुंडाळून उभा असलेला माणूस आणि खाली पुणे-नाशिककरांनी उडवलेली टर. दुसऱ्यात सकाळचे आठ वाजले तरी धुरकट पडद्याआड गेलेल्या इमारती. पहिला फोटो थंडीचा, दुसरा प्रदूषणाचा, असा सर्वसाधारण समज. दोन्हींमागचं कारण मात्र बरंचसं एकच आहे.

थंडी येते कुठून?

मुंबईची थंडी उसनी असते. पश्चिमी झंझावातामुळे काश्मीर-हिमाचलात बर्फ पडतो आणि तो सरकला की उत्तरेकडचे कोरडे, गार वारे राजस्थान-गुजरातवरून खाली उतरतात. ते कोकण किनाऱ्यापर्यंत पोहोचले की पहाटे गारठा जाणवतो. तोही सगळीकडे सारखा नाही. कुलाब्याला तिन्ही बाजूंनी समुद्र असल्याने रात्र फारशी थंड होत नाही. सांताक्रूझचा पारा त्याहून खाली असतो आणि आरे, बोरिवलीच्या झाडीजवळ आणखी खाली. सांताक्रूझचा नीचांक आहे ७.४ अंश, २२ जानेवारी १९६२ चा.

१६ अंशांना थंडी म्हणणाऱ्यांची चेष्टा होते, पण हवामान विभागाचे निकषही किनाऱ्यासाठी वेगळे आहेत. मैदानी भागात थंडीच्या लाटेसाठी पारा १० अंशांपर्यंत यावा लागतो, किनाऱ्यावर १५ पुरेसे. अर्थात दोन्हीकडे तो सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी कमी असावा लागतो.

मग हवा का अडकते?

एरवी मुंबईची सफाई समुद्र करतो. दुपारी समुद्रावरचे वारे आत येतात आणि शहरातला धूर-धूळ विखुरतात. हिवाळ्यात उत्तरेकडच्या आणि जमिनीवरच्या वाऱ्यांचा जोर असला की हे समुद्रवारे उशिरा सुटतात. शिवाय रात्री जमीन लवकर गार होते, तिच्यालगतची हवाही गार होते आणि वर तुलनेने उबदार थर बसतो. पातेल्यावर झाकण ठेवल्यासारखं होतं. धूळ, गाड्यांचा धूर, कचऱ्याचा धूर सगळं त्या झाकणाखाली साचतं. पाऊस नसल्याने ते धुऊनही निघत नाही.

गंमत अशी की हे झाकण सर्वात घट्ट असतं ते पहाटे, म्हणजे फिरायला जाण्याच्या वेळेला. जानेवारीत होणारी मुंबई मॅरेथॉनही पहाटेच सुरू होते. दमट उकाडा नाही म्हणून धावायला हाच महिना बरा, पण फुप्फुसांसाठी ती वेळ बरी असेलच असं नाही. त्यात बातम्यांमध्ये दिसणारा एक्यूआय बहुधा २४ तासांची सरासरी असतो. त्यामुळे सरासरी १५० म्हणजे ‘मध्यम’ असली, तरी पहाटेची हवा त्याहून वाईट असू शकते. घराबाहेर पडण्याआधी जवळच्या केंद्रावरचा त्या तासाचा पीएम २.५ पाहिलेला बरा.

थंडीने धूळ तयार होत नाही

ती तयार होते बांधकामांत, उखडलेल्या रस्त्यांवर, डंपरमध्ये आणि भट्ट्यांमध्ये. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. त्याच महिन्यात पालिकेने बांधकामांसाठी नियमावली काढली: पत्र्याचं उंच कुंपण, हिरवं कापड, पाण्याची फवारणी, झाकलेले ट्रक. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस भायखळा आणि बोरिवली पूर्वेतली बांधकामं थांबवण्यापर्यंत वेळ आली. नियम कागदावर चांगले आहेत. अडचण रोजच्या तपासणीची आहे.

भट्ट्यांचा प्रश्न जास्त गुंतागुंतीचा. वडापावचा पाव आजही अनेक बेकऱ्यांत लाकडावर भाजला जातो. लाकूडही बरेचदा भंगारातल्या फर्निचरचं असतं, कारण ते स्वस्त पडतं. त्याच्यावरचा रंग आणि पॉलिशही जळतं, आणि पाव सकाळी हवा असल्याने भट्टी पेटते नेमकी रात्री. जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने बेकऱ्यांना गॅससारख्या स्वच्छ इंधनाकडे वळण्यासाठी सहा महिने दिले. मोठ्या बेकरीला ते झेपेल. गल्लीतल्या छोट्या बेकरीला नवी भट्टी आणि गॅसजोडणीचा खर्च जड आहे, आणि मदतीशिवाय तो शेवटी पावाच्या किमतीतच निघेल.

शेकोटीचं काय?

रात्री सोसायटीच्या गेटवर वॉचमन पुठ्ठे, प्लास्टिक, कधी टायरचा तुकडा पेटवतो. तो धूर सर्वात आधी त्याच्याच छातीत जातो. दंड करणं सोपं आहे, पण त्याला ऊब दुसरीकडून मिळत नाही. दिल्लीत प्रदूषण वाढलं की सोसायट्यांनी रखवालदारांना विजेचे हीटर द्यावेत, असं तिथल्या कृती आराखड्यातच म्हटलं आहे.

फुटपाथवर झोपणाऱ्यांना तेवढंही नाही. २०११ च्या जनगणनेत मुंबईत सुमारे ५७ हजार बेघर मोजले गेले. एक लाख लोकसंख्येमागे किमान शंभर जणांचा एक निवारा असावा, असा केंद्राचा निकष आहे. त्या वेळच्या १ कोटी २४ लाख लोकसंख्येचा हिशेब धरला तर सव्वाशेच्या आसपास निवारे लागतात. शहरात ते तेवढे कधीच झाले नाहीत.