डब्यात मावेल तेवढी स्वस्ताई

दसरा उलटला, की शहरातल्या झाडून साऱ्या दुकानांना औदार्याचे भरते येते. एकावर एक मोफत, दोनावर तिसरे मोफत, तेलाच्या डब्याबरोबर गाळणी, साबणाच्या चार वड्यांना पाचवी सोबतीण! वर्तमानपत्राचे पहिले पान उघडावे तर तिथे देशाच्या बातम्यांऐवजी रवा, मैदा आणि पिठीसाखर. त्यातून हल्ली दुकान मोबाइलमध्येच येऊन बसले आहे. रात्री दिवा मालवून पडावे, तो उशाशी पडदा उजळतो आणि सांगतो, की साजूक तूप अजून फक्त दोन तास स्वस्त आहे!

अशा वेळी घराघरांत दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, "स्वस्त आहे तोवर भरून ठेवा." दुसरा विचारतो, "भरून ठेवा, पण ठेवा कुठे?" दोन्ही पक्षांचे म्हणणे खरे असल्यामुळे हा वाद सहसा मिटत नाही. तेव्हा यंदाच्या दिवाळीत आपण त्याचा थोडा शांतपणे विचार करू या.

भरून ठेवणे हे काही आपल्याला नवे नाही. 'बेगमी' हा शब्द आपल्या आज्या-पणज्यांच्या तोंडी सदैव असे. फरक एवढाच, की त्यांची स्वस्ताई जाहिरातीतून येत नसे, शेतातून येई. फेब्रुवारी-मार्चमध्ये नवी तूर आणि पाठोपाठ हरभरा बाजारात उतरला, की डाळी करून घ्यायच्या. मार्च-एप्रिलात गहू. त्याच सुमारास सांगलीची नवी हळद, बेडगी आणि संकेश्वरी मिरची, आणि चिंचोके काढून, मीठ लावून बरणीत दाबलेली चिंच. उन्हाळी कांदा टिकाऊ म्हणून तोच पावसाळ्यासाठी पसरून ठेवायचा. कोल्हापूरचा गूळ थंडीत, उडीद-मूग गणपती-नवरात्राच्या आगेमागे, भुईमूग दिवाळीच्या सुमारास, नवे तांदूळ त्यानंतर. पण तांदूळ मात्र जुनाच चांगला म्हणून एक वर्ष मागे ठेवायचा. ज्या बाईला हे पंचांग पाठ, तिच्या घरी अवेळी आलेल्या पाहुण्याची धास्ती नसे.

त्या स्वस्ताईचे कारण साऱ्यांना दिसत असे. पीक निघाले, माल पुष्कळ झाला, भाव उतरला. आजच्या दुकानातल्या सवलतीचे कारण मात्र फडताळावर लिहिलेले नसते. कधी मालाची मुदत जवळ आलेली असते, कधी कंपनीला नवे वेष्टन आणायचे असते आणि जुने खपवायचे असते. आणि पुष्कळदा एखादी रोजची वस्तू खरेदीच्या भावालाच विकून गिऱ्हाइकाला दारात आणायचे असते. साखरेसाठी आत गेलेला माणूस नुसती साखर घेऊन बाहेर येत नाही, हे दुकानदाराला चांगले ठाऊक असते. बिग बाजारने २००६ साली २६ जानेवारीला 'सर्वांत स्वस्त दिवस' जाहीर केला, तेव्हा दुकाने ओसंडून वाहिली होती. ती दुकाने २०२२ साली बंद झाली, पण तो दिवस मात्र साऱ्या बाजाराने उचलला. आता स्वस्त दिवसच इतके झाले आहेत, की महाग दिवस शोधावा लागतो.

यात दुकानदाराला नावे ठेवण्यासारखे काही नाही. त्याने त्याचा हिशेब करावा, आपण आपला. मात्र आपला करावा हे खरे!

हिशेबाचा पहिला धडा असा. 'दोनावर एक मोफत' म्हणजे अर्धी किंमत नव्हे. तिनाचा माल दोनाच्या दराने, म्हणजे सवलत एक तृतीयांश. 'तेवढ्याच किमतीत ५० टक्के अधिक' हेही तेच. शंभर ग्रॅमच्या जागी दीडशे मिळाले, म्हणजे ग्रॅममागे तिसरा हिस्सा वाचला. 'एकावर एक' ही मात्र खरोखर निम्मी किंमत, पण दुसरा पुडा खाल्ला गेला तर! तो नरम पडून कचऱ्यात गेला, तर आपण पहिलाच पुडा पुऱ्या किमतीला घेतला असे समजावे.

दुसरा धडा वजनाचा. खाद्यतेलाचा एक लिटर वजनाला साधारण ९१० ग्रॅम भरतो. शेजारी तशाच आकाराची, तशाच रंगाची पिशवी असते आणि तीवर बारीक अक्षरात ७५० ग्रॅम लिहिलेले असते. तिची किंमत कमी असणारच. पूर्वी काही वस्तूंची वेष्टने ठराविक वजनांतच विकावी लागत. वेष्टनबंद मालाच्या २०११ च्या नियमांत २०२१ साली दुरुस्ती झाली आणि ते बंधन निघाले. पण त्याच दुरुस्तीने ग्राहकाच्या हाती एक चांगले साधनही दिले. कमाल किमतीबरोबर दर ग्रॅमला, किलोला किंवा लिटरला किती पडतात, तोही आकडा वेष्टनावर छापावा लागतो. तो आकडा चष्मा लावून वाचावा. मोठा पुडा नेहमी स्वस्तच पडतो अशी आपली समजूत असते. दोन पुड्यांवरचे हे आकडे शेजारी शेजारी धरले, की तिची परीक्षा होते.

आणखी एक बारीकशी गोष्ट. १८ जुलै २०२२ पासून, पंचवीस किलोपर्यंतच्या छापील पिशवीतल्या धान्यावर आणि डाळींवर ५ टक्के कर लागू झाला. त्याहून मोठ्या पोत्यावर आणि सुट्या मालावर तो नाही. तीस किलोचे पोते चार घरांत वाटून घेतले, तर बचतीची सुरुवात तिथूनच होते.

तिसरा धडा मुदतीचा. नव्वद रुपयांना मिळालेली शंभराची वस्तू दोन महिन्यांत वापरली, तर नव्वदावर दहा सुटले. दोन महिन्यांत अकरा टक्के! बँक वर्षभरातही एवढे देत नाही. पण तीच वस्तू वर्षभर पुरेल इतकी घेतली, तर शेवटच्या किलोला ते दहा रुपये मिळवायला वर्ष लागते. मधल्या काळात पैसे अडकलेले, डबे अडलेले, आणि पोरक्या किड्यांना आपले घर मिळालेले!

किड्यांवरून साठवणीकडे येऊ. मीठ आणि साखर कोरडी ठेवली तर म्हातारी होत नाहीत. चांगले वाळलेले गहू आणि डाळी हवाबंद डब्यात वर्ष काढतात. तुरीच्या डाळीला एरंडेलाचा हात लावायची आणि गव्हात कडुनिंबाचा पाला घालायची आपली रीत चांगलीच आहे. ज्यांच्या घरी गच्ची नाही आणि ऊनही नाही, त्यांनी किलो-दोन किलो डाळ चार-पाच दिवस शीतकपाटाच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवावी. किड्याची अंडी मरतात. मग बाहेर काढून पिशवी न उघडता घरातल्या उष्णतेला येऊ द्यावी, नाहीतर दव धरते. रवा भाजून ठेवावा. पीठ मात्र साठवू नये. बाजरीचे तर मुळीच नाही, ते आठवड्यातच कडवट होऊ लागते. शेंगदाणे, सुके खोबरे आणि तेल ही तिन्ही स्निग्ध मंडळी उष्णतेने आणि उजेडाने खवट होतात. ती दोन महिन्यांपुरतीच आणावीत. आणि बुरशी चढलेले दाणे 'भाजून घेऊ' म्हणून ठेवू नयेत. त्या बुरशीचे विष भाजल्याने जात नाही.

वेष्टनावरच्या तारखांतही भेद असतो. 'अमुक तारखेपूर्वी उत्तम' याचा अर्थ त्यानंतर चव आणि वास उतरेल. 'अमुक तारखेपर्यंतच वापरा' याचा अर्थ त्यानंतर खाऊच नका. मोठी सवलत दिसली, की आधी किंमत न पाहता ही तारीख पाहावी.

येथवर सारे डोक्याने करायचे हिशेब झाले. पण या विषयाची एक बाजू अशी आहे, की जी मला कुठल्याच जाहिरातीत दिसली नाही. ती मला आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनी दाखवली.

मावशी तेल आणतात ती छोटी पिशवी, चहा आणतात तो दहा रुपयांच्या पुडीतला, डाळ पाव किलो. एकदा मी सहज म्हटले, "मावशी, एकदम महिन्याचे भरले तर पुष्कळ वाचेल हो." त्या भांडे विसळता विसळता म्हणाल्या, "ताई, स्वस्त घ्यायलाबी आधी पैसं लागत्यात."

त्यात तक्रार नव्हती. पण मला वाटते, या विषयावरचे याहून खरे वाक्य दुसरे नसेल. ज्याच्या हाती पहिल्या तारखेला पगार येतो, त्याला पोते परवडते आणि किलोमागे कमी पडते. ज्याच्या हाती रोजचा रोज येतो, त्याला पुडी परवडते आणि किलोमागे अधिक पडते. बाजारात सवलतीचा फलक सर्वांसाठी लागलेला असतो, पण त्याच्या खाली उभे राहायला भांडवल लागते.

आमच्या इमारतीत आम्ही चार घरे मिळून तुरीचे पोते आणत होतो. त्यात मावशींना पाचव्या घराप्रमाणे घ्यावे असे मी सुचवले. शेजारच्या वहिनींनी हळूच विचारले, "पैसे हप्त्याने घ्यायचे का? आणि राहिले तर?" हा प्रश्न मावशींच्या कानावर गेला असावा. दुसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "मला हप्ता नको. फेब्रुवारीत माझी भिशी लागती. तवा पोतं आणा, माझं पैसं पयले घ्या." आम्ही त्याआधी आमच्या सोयीने कुठल्याही महिन्यात पोते आणत असू. मावशींच्या भिशीसाठी फेब्रुवारीत आणले, तेव्हा नवी तूर नुकतीच बाजारात आली होती. डाळ ताजी होती आणि भावही उतरलेला होता! वाटणीच्या दिवशी मावशींनी तराजूचा काटा आधी रिकाम्या पारड्यांनी तपासला, मग आपला वाटा घेतला. आता वहिनीही त्यांच्याकडूनच वजन करवून घेतात.

मिळून खरेदी करण्याची ही कल्पना आमची नव्हे. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ साली निघाली, ती याच तत्त्वावर. शेजारपाजारच्या घरांनी संघ करायचा, महिन्याची मागणी एकत्र नोंदवायची आणि आलेला माल आपणच वाटून घ्यायचा. तिच्या संस्थापकांत संगीतकार सुधीर फडकेही होते. त्याआधी १९७२ साली मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने मुंबईच्या बायका लाटणी घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर उतरल्या, तेव्हाही त्यांचे भांडण टंचाईशी जितके होते तितकेच गोदामे भरून बसणाऱ्यांशी होते.

म्हणून साठवण आणि साठेबाजी या दोन शब्दांतले अंतर विसरू नये. मूळ एकच, पण एक शब्द घराचा आणि दुसरा गोदामाचा. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीच्या बातमीने लोक दुकानांवर तुटून पडले. ज्यांच्याजवळ पैसे आणि वाहन होते, त्यांनी दोन-दोन महिन्यांचे पीठ उचलले आणि मागून आलेल्याला रिकामे फडताळ मिळाले. एरवी जे शहाणपण ठरते, तेच टंचाईच्या दिवसांत शेजाऱ्याच्या ताटातले ठरते. स्वस्ताईत भरावे, टंचाईत आवरावे, एवढा नियम पुरेसा आहे.

तेव्हा, वाचकहो, यंदा फराळाचे सामान आणायला निघण्यापूर्वी चार गोष्टी कराव्यात. घरातले डबे उघडून पाहावेत. एका कागदावर काय आहे आणि काय संपत आले ते लिहावे. ज्या वस्तूला रिकामा डबा नाही, ती कितीही स्वस्त मिळाली तरी महागच समजावी. आणि चौथी गोष्ट ही, की मोठा जिन्नस घेताना जिन्यावरच्या एखाद्या घराला, किंवा आपल्याच घरी राबणाऱ्या कुणाला, "तुम्हाला हवे का?" असे एकदा विचारावे. पैसे केव्हा सोयीचे पडतील, तेही त्यांनाच विचारावे.

चकलीची भाजणी तुमच्या घरी खमंग होवो, आणि पुढच्या दिवाळीपर्यंत एकाही डब्यात किडा न होवो!