किती तासांत पोचलास?

सोमवारी हापिसात कोणी कोकणातून परत आला की पहिला प्रश्न ठरलेला. "किती तासांत पोचलास?" काय खाल्लंस, कुठे थांबलास, हे कोणी विचारत नाही. आणि आलेला गडीही छाती फुगवून सांगतो, "मधे फक्त एकदाच थांबलो!" च्यायला, फिरायला गेला होतास की पार्सल पोचवायला?

मी काही साधुसंत नाही. दोन वर्षांपूर्वी मीही एक्सेल शीट करून निघालो होतो. अलिबाग ते गणपतीपुळे, दोन दिवसांत अकरा 'पॉइंट'. सगळे झाले. आज त्यातलं धड आठवतं ते एवढंच, की आगरदांड्याला फेरीबोट डोळ्यांदेखत सुटली आणि मी जेट्टीवर चडफडत बसलो. शेजारी टोपली घेऊन बसलेली मावशी म्हणाली, "एवढी घाई हाय तर बोटीवर कशाला आलास बाबा?" मला उत्तर सुचलं नाही.

यंदा जानेवारीत शीट न करता गेलो. रस्ता तोच, चार दिवस. राजपुरी, बाणकोट, दाभोळ, जयगड अशा चार खाड्या, चारही वेळा गाडी बोटीत. हर्णैला संध्याकाळी माशांचा लिलाव पाहिला, समोर समुद्रात सुवर्णदुर्ग. एके काळच्या बड्या बंदराच्या दाभोळात अंडा मशिदीच्या पायऱ्यांवर नुसता बसून राहिलो. मालगुंडला केशवसुतांचं घर पाहिलं. गेल्या वेळी त्याच रस्त्याने मी ऐंशीच्या स्पीडने गेलो होतो!

आता यावर काही जण लगेच गळा काढतात, की खाड्यांवर पूल नकोत, कोकण असंच राहू दे. मला हे लोक तासांचा हिशोब सांगणाऱ्यांपेक्षा जास्त डोक्यात जातात. रात्री फेरी बंद असते. तेव्हा कोणाच्या छातीत दुखलं तर समोर दिव्यांसकट दिसणाऱ्या किनाऱ्यावर जायला केवढा वळसा पडतो, ते जरा नकाशावर बघा. तुमच्या सूर्यास्ताच्या फोटोसाठी त्यांनी का ताटकळायचं? पूल व्हायलाच हवेत.

पण पूल त्यांची निकड आहे. घाई मात्र आपली आहे, आणि ती कुठल्याही कामाची नाही. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे २००२ साली पूर्ण झाला. त्यावरून शेकडो वेळा गेलेल्या आपल्यापैकी किती जणांना वाटेतली गावं माहीत आहेत? आपल्याला माहीत असतात ते फूड मॉल. सागरी रस्त्याचं तेच करायचं का? घरगुती खानावळ चालते ती थांबणाऱ्यांच्या जिवावर. घरून सँडविच बांधून आणून, गावात फक्त हॉर्न आणि रिकामी बाटली टाकून जाणाऱ्यांच्या जिवावर नाही.

आठवडाभर आपण डेडलाइनच्या नावाने बोटं मोडतो. आणि सुट्टी मिळाली की स्वतःच स्वतःचे मॅनेजर होतो. हे कोणी सक्तीने करायला लावलेलं नाही, म्हणून बंदही आपल्यालाच करावं लागेल.

असो. पुढच्या सोमवारी कोणी कोकणातून आला तर एवढंच विचारा, "कुठे थांबलास?" उत्तर आलं नाही, तर समजा की तो गेलाच नव्हता.