पहिले पिस्तूल कोणते?

परभणीसारख्या गावात मुलीने ‘मला पिस्तूल हवे’ म्हटले, की घर गप्प होते. आमचेही झाले. आजी तर उठून देवघरात गेली. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ सालच्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्णपदक मिळवले, त्याची चित्रफीत कन्येने पाहिली होती. तिला तसेच, .२२चे, पुढची गोळी आपोआप भरणारे पिस्तूल हवे होते.

माझे मत निराळे पडले. त्याला परवाना लागतो, गोळीगोळीचा हिशेब लागतो. सुरुवात १० मीटरच्या एअर पिस्तुलानेच करावी. त्यात कमीपणा नाही. मनू भाकरने २०२४ साली पॅरिसला पहिले ऑलिंपिक पदक त्यातच मिळवले. दहा गुणांचे वर्तुळ जेमतेम साडेअकरा मिलिमीटरचे. चूक लपत नाही. घेण्याआधी हातात धरून पाहावे, मूठ नीट बसते का, एका हाताला पेलते का. नियमाने दीड किलोपर्यंत वजन चालते, म्हणून दीड किलोचेच घ्यायचे नसते.

आणि छर्‍याचे असले तरी ते खेळणे नव्हे. घरात ते कुलपातच हवे. किल्ली कोणाकडे, यावर आमची चर्चा अडली. शेवटी आजीनेच पदर पुढे केला.