संगणकाच्या वीजपुरवठ्याचे श्रेय नेमके कोणाचे?

१/६ वॉल्टर आयझॅक्सन यांनी लिहिलेल्या, २०११ साली प्रसिद्ध झालेल्या चरित्रात स्टीव्ह जॉब्स यांचा एक दावा नोंदला आहे. रॉड होल्ट यांनी ॲपल-२साठी घडवलेल्या स्विचिंग पॉवर सप्लायची नक्कल आजचे सारे संगणक करतात. इतिहासग्रंथांनी मात्र होल्ट यांना न्याय दिला नाही. कालक्रमाच्या कसोटीला हा दावा उतरत नाही.

२/६ प्रथम तंत्र पाहू. जुन्या लिनियर पद्धतीत ट्रान्झिस्टर अर्धवट उघडलेल्या नळासारखा काम करी आणि जादा ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाई. स्विचिंग पद्धतीत तो सेकंदाला हजारो वेळा पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद होतो. चालू असताना त्याच्यावरचे व्होल्टेज अत्यल्प, बंद असताना प्रवाह जवळजवळ शून्य. म्हणून तो कमी तापतो. ट्रान्सफॉर्मरही लहान पुरतो.

३/६ धोका असतो संक्रमणाच्या क्षणी. बायपोलर ट्रान्झिस्टरच्या बेसमध्ये विद्युतभार साठून राहतो, त्यामुळे तो बंद होण्यास विलंब लागतो. त्या काही मायक्रोसेकंदांत ऊर्जा वाया जाते. उलट दिशेचा अल्पकालीन पल्स देऊन तो भार चटकन खेचून काढावा लागतो. अभियंत्यांची खरी कसोटी येथे होती.

४/६ मूळ कल्पना जुनीच. १९६२च्या टेलस्टार उपग्रहात स्विचिंग पॉवर सप्लाय होता. पुढे पीडीपी-११/२० या संगणकातही होता. ॲपल-२ आला १९७७ साली.

५/६ मधल्या काळात उच्च व्होल्टेज झेलणारे वेगवान ट्रान्झिस्टर आवाक्यात आले. १९७६ साली सिलिकॉन जनरल या कंपनीत रॉबर्ट मॅमानो यांच्या एसजी१५२४ने पल्सची रुंदी नियंत्रित करणारी यंत्रणा एकाच चिपवर आणली. होल्ट यांच्या रचनेत अशी चिप नव्हती. नंतरचे असंख्य पॉवर सप्लाय मात्र नियंत्रक चिपच्याच वाटेने गेले.

६/६ होल्ट यांचे कर्तृत्व याने उणे होत नाही. घरगुती संगणक पंख्याविना चालवून दाखवणे ही मोठीच गोष्ट होती. पॉवर सप्लाय घडवणाऱ्यांना इतिहास विसरतो, ही जॉब्स यांची तक्रारही रास्त आहे. परंतु तिचे निवारण करताना त्यांनी एकाच व्यक्तीला सारे श्रेय दिले आणि मॅमानो यांच्यासारखे इतर पुन्हा अंधारात राहिले. प्रसिद्ध माणसाची आठवण हेही एक साधनच; तिची तारखांशी पडताळणी व्हायलाच हवी.