शेतातल्या धोंड्यांचा दरवाजा

वाड्याची देवडी म्हणजे मालकाच्या वैभवाची पहिली वर्दी. इंग्लंड-अमेरिकेतल्या बड्या जमीनदारांच्या फाटकावरची घरंही बहुधा त्याच हेतूनं बांधलेली असत: छोटी, नटवलेली, आतल्या हवेलीची झलक दाखवणारी. मॅसॅच्युसेट्समधल्या नॉर्थ ईस्टन गावची एम्स गेट लॉज मात्र ही रीत धुडकावते. हेन्री हॉब्सन रिचर्डसन या वास्तुकारानं ती १८८०-८१ मध्ये बांधली.

तिचं सगळं मोठेपण दगडात आहे. हिमयुगात सरकत आलेल्या बर्फानं न्यू इंग्लंडभर गोलसर धोंडे पसरून ठेवले. नांगराला आडवे येणारे हे धोंडे शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या उचलून कडेला रचले आणि त्यांतून शिवाराचे गडगे उभे राहिले. रिचर्डसननं भिंतींसाठी हेच धोंडे घेतले. ते न फोडता, न घडवता, होते तसेच रचले. तळाशी तर माणसाच्या कवेत न मावणारे धोंडे आहेत. घडीव दगड फक्त कमान आणि खिडक्यांच्या चौकटींपुरता. तो लाँगमेडोचा तांबूस वालुकाश्म. वर नारिंगी-तांबड्या कौलांचं रुंद छप्पर. कुठं राजचिन्ह नाही, मिरवणारा मनोरा नाही. शेजारच्या शेताचा गडगाच वाढत वाढत रस्त्यावर कमान टाकून गेला आहे, असं वाटतं.

मालक फ्रेडरिक लोथ्रॉप एम्स रेल्वेतला धनाढ्य. घराणं फावडी बनवणारं. अमेरिकेच्या आरपार जाणारा, १८६९ मध्ये पूर्ण झालेला लोहमार्ग उभारण्यात या घराण्याचा पैसा होता. अशा घरानं आपल्या दाराशी शेतातला धोंडा लावू दिला, याचं मला फार मोल वाटतं. संगमरवर आणणं त्यांना सहज परवडलं असतं.

छायाचित्रांत नेहमी कमानच दिसते. मला तिच्या दोन बाजूंचं नातं अधिक महत्त्वाचं वाटतं. एका अंगाला दुमजली भाग, अविवाहित पाहुण्यांच्या मुक्कामासाठी. दुसऱ्या अंगाला लांब, बसका भाग, हिवाळ्यात बागेतली झाडं सांभाळण्यासाठी. एम्स ऑर्किडचा नामांकित संग्राहक होता. पाहुणा आणि झाड, दोघांनाही त्याच जाडजूड भिंती, तेच छप्पर. झाडांची खोली मागं, नजरेआड ढकललेली नाही. काहींना ही इमारत फार जड वाटते. पण तिथल्या मातीत जे वजन आहे, तेच तिनं घेतलं आहे. हलकी झाली असती, तर ती कुठल्याही गावची झाली असती.

रिचर्डसन १८८६ मध्ये, पन्नाशीही न गाठता गेला. नॉर्थ ईस्टनमध्ये त्याचं वाचनालय, सभागृह, रेल्वे स्थानक आणि माळ्याचं घरही आहे, आणि १९८७ पासून या वास्तुसमूहाला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा आहे. लॉज खासगी मालकीची, त्यामुळे ती रस्त्यावरूनच पाहावी लागते. बॉस्टनला लेकीकडे, मुलाकडे जाणाऱ्या वाचकांनी तेवढ्यासाठी वाट वाकडी करावी. जुन्या स्थानकात आता स्थानिक इतिहास संस्था आहे. फेरी तिथून सुरू करणं सोयीचं.