पांडवांना आता तरी झोपू द्या

बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही. कामाची गडबड होती हे एक कारण, आणि आळस हे खरं कारण. आज मात्र राग आलाय, आणि राग आला की माझी बोटं भराभर चालतात हे इथल्या नेहमीच्या मंडळींना ठाऊक आहे. (नातेवाइकांपैकी जे वाचतात त्यांनी लगेच आत्याला फोन करू नये. तिला मी स्वतः वाचून दाखवणार आहे.)

तर झालं असं. गेल्या रविवारी अंबरनाथला आत्याकडे गेलो होतो. आत्येभावाची मुलगी सातवीत आहे. शाळेने 'आपल्या परिसरातील ऐतिहासिक वास्तू' असा प्रकल्प दिला होता. पोरीने शहाणपणा करून घरापासून चालत पंधरा मिनिटांवरचं शिवमंदिर निवडलं, आणि त्याहून शहाणपणा (की चूक?) करून मला फोन केला. मी तिला सांगितलं ते तिने वळणदार अक्षरात लिहिलं: उत्तर कोकणचे शिलाहार, राजा मुम्मुणी, शिलालेख शके ९८२ म्हणजे इ. स. १०६०, शैली भूमिज. सोबत उत्तरेकडच्या दाराचं एक चित्र, नंदीसकट एक नकाशा.

वही परत आली ती लाल शाईने माखून. 'शिलाहार'वर काट, वर लिहिलेलं : 'पांडवांनी एका रात्रीत बांधले.' 'भूमिज'वर काट : 'हेमाडपंती.' आणि समासात शेरा : 'युनेस्कोच्या यादीचा उल्लेख नाही.' दहापैकी सहा.

मी काही बोलायच्या आत आत्याच म्हणाली, "बाईंनी लिहिलंय ना, मग तसंच लिहायचं. तुझ्यापायी पोरीचे मार्क गेले."

चहा गार झाला, पण वाद काही संपला नाही. म्हणून हा लेख.

आधी सगळ्यात सोपी गोष्ट. पांडवांनी बांधलं असेल तर ते हेमाडपंती कसं? हेमाडपंत पांडवांना नकाशे काढून देत होता का? दोन्ही शेरे एकाच पानावर, एकाच पेनाने, चार ओळींच्या अंतराने केलेले! यातला एक तरी चुकीचा असणार हे कळायला इतिहास यावा लागत नाही, नुसतं वाचता आलं तरी पुरतं. प्रत्यक्षात दोन्ही चुकीचे आहेत ती गोष्ट वेगळी.

पांडवांच्या गोष्टीवर माझा फारसा राग नाही, खरंच. आपल्याकडे डोंगरात लेणं दिसलं की ते पांडवांचं. नाशिकच्या लेण्यांना आपण पांडवलेणी म्हणतो, आणि तिथल्या भिंतींवर सातवाहनांचे नि क्षत्रपांचे लेख कोरलेले आहेत. मधल्या काळात ती लिपी वाचणारं कोणी उरलं नाही. समोर तर एवढं अचाट काम उभं. मग माणसांनी प्रामाणिकपणे ठरवलं की हे आपल्यासारख्यांचं काम नव्हे. अंबरनाथला तर शिखर अपुरं, गाभाऱ्यावर थेट आभाळ. त्याचंही उत्तर गोष्टीत चपखल बसतं : कोंबडा आरवला, उजाडलं, काम अर्धवट टाकून पांडव निघून गेले. माझ्या आजीने मला ही गोष्ट त्याच देवळाच्या पायऱ्यांवर बसून सांगितली होती आणि मी पुढची कित्येक वर्षं पहाटे कोंबडा ऐकला की हळहळत असे. आजीने सांगावी. जरूर सांगावी. पण आजी दहापैकी सहा मार्क देत नव्हती.

हेमाडपंताचं प्रकरण मात्र जास्त वाईट आहे, कारण ते गोष्टीचं सोंग घेत नाही, माहितीचं सोंग घेतं. चुना-मातीशिवाय दगडावर दगड रचलेलं जुनं देऊळ दिसलं की आपण डोळे मिटून 'हेमाडपंती' म्हणतो. सिन्नरचं गोंदेश्वर, खिद्रापूरचं कोपेश्वर, औंढ्याचं नागनाथ, सगळ्यांना एकच शिक्का. आता हा हेमाद्री कोण? देवगिरीच्या यादवांचा मोठा अधिकारी. आधी महादेव यादवाच्या आणि मग रामचंद्राच्या पदरी. महादेव गादीवर आला तो १२६० च्या सुमारास. अंबरनाथचा लेख १०६० चा. मधे दोनशे वर्षं! आणि हेमाद्रीची स्वतःची ख्याती कशाची, तर 'चतुर्वर्गचिंतामणि' या धर्मशास्त्रावरच्या अवाढव्य ग्रंथाची. व्रतं, दानं यांचा तो ग्रंथ. बिनचुन्याचं बांधकाम तर त्याच्या कितीतरी आधीपासून देशभर चालत आलेलं होतं.

पण खरी मेख पुढेच आहे, आणि ती मी आत्याला दोनदा सांगितली. या महादेव यादवानेच उत्तर कोकणच्या शिलाहारांचं राज्य बुडवलं. 'बुडवलं' हे अक्षरशः. शेवटचा राजा सोमेश्वर जहाजांवर गेला आणि समुद्रात त्याचा अंत झाला. (बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवर जहाजांची लढाई कोरलेली आहे, ती हीच, असं काही अभ्यासक मानतात.) आणि सोमेश्वर बुडाल्याचं कौतुकाने कोणी लिहून ठेवलं? हेमाद्रीनेच! आपल्या ग्रंथात धन्याची स्तुती करताना. म्हणजे ज्यांनी हे देऊळ उभं केलं त्यांचं घराणं ज्याने संपवलं, त्याच्या कारभाऱ्याचं नाव आपण त्यांच्या देवळाला देऊन बसलो आहोत. वर सातवीतल्या मुलीने खऱ्या धन्याचं नाव लिहिलं तर त्यावर काट मारतो आहोत. मला तरी याहून मोठा अन्याय सुचत नाही. हेमाद्रीलासुद्धा हसू आलं असतं.

युनेस्कोबद्दल थोडक्यात. 'जगातल्या २१८ वारसा वास्तूंत आपलं अंबरनाथ!' असा निरोप दर महाशिवरात्रीला आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲपवर येतो, फुलांच्या चित्रासकट. युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आज हजाराच्या वर स्थळं आहेत. त्यात अजिंठा, वेरूळ, घारापुरी आहेत. अंबरनाथ नाही. नसू दे ना! पॅरिसच्या शिक्क्यावाचून देऊळ काही लहान होत नाही. जे आहे ते न पाहता जे नाही त्याचा अभिमान मिरवायचा, ही सवय मला कळत नाही.

कारण जे आहे ते काय आहे, हे एकदा सावकाश बघा. देऊळ पश्चिमाभिमुख. मंडपाला तीन दारं. बाहेरच्या भिंती सरळ नाहीतच. कोपऱ्यामागे कोपरा असा घड्या घातल्यासारखा दगड आत-बाहेर होत जातो, आणि प्रत्येक घडीवर मूर्ती, त्यामुळे ऊन सरकेल तशी सावली सरकते नि सकाळी पाहिलेलं देऊळ संध्याकाळी वेगळंच दिसतं. ती भूमिज शैली. शिखरावर उभे पट्टे आणि त्यांच्या मधे छोट्या-छोट्या शिखरांच्या ओळी, ही तिची खूण. मध्य प्रदेशात उदयपूरला परमार उदयादित्याने बांधलेलं उदयेश्वर तिचाच नमुना, तेही याच अकराव्या शतकातलं. तिथलं शिखर शाबूत आहे. ते पाहिलं की आपल्याकडे काय हरवलंय ते कळतं.

आणि गाभारा! बाकी देवळांत आपण देवाकडे चढून जातो. इथे उतरायचं. मंडपातून वीसेक पायऱ्या खाली, अंधारात, गारव्यात, पायांना ओल लागते. खाली जमिनीच्या पोटात पिंडी, आणि वर मान केली की उघडं आभाळ. आत्या दर सोमवारी तिथे उतरते. गुडघे दुखतात तरी उतरते. आत्येभाऊ म्हणाला, "अरे, हा श्रद्धेचा प्रश्न आहे, तू कशाला मधे पडतोस?" मी म्हटलं, बाबा रे, आत्या त्या पायऱ्या पांडवांसाठी उतरते का? तिची श्रद्धा पिंडीवर आहे. ती शके ९८२ ने घटत नाही की कोंबड्याने वाढत नाही. श्रद्धेच्या आड आपला आळस लपवू नये एवढंच म्हणणं.

काळा बसाल्ट आहे तो, मऊ चुनखडी नव्हे. छित्तराजाच्या कारकिर्दीत काम सुरू झालं आणि मुम्मुणीच्या काळात पुरं झालं, असं मानतात. छित्तराजाचा भांडुपचा ताम्रपट १०२६ चा आहे. म्हणजे पंचवीस-तीस वर्षं तरी सहज गेली असतील. बापाने सुरू केलेली भिंत मुलाने पुरी केली असेल. कुणाची बोटं चेंगरली असतील, कुणाच्या छातीत दगडाची भुकटी बसली असेल. आणि आपण म्हणायचं, एका रात्रीत झालं! एका रात्रीत झालेल्या गोष्टीची काळजी तरी कोण कशाला करेल? शेजारून वाहणाऱ्या वालधुनीचं आपण काय करून ठेवलंय ते नाक असलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही.

आता जी गोष्ट मला त्या बाईंना सांगायची आहे ती. तो शिलालेख आहे उत्तरेकडच्या दारावर, आतल्या बाजूला. झिजलेला, चटकन दिसत नाही. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो वाचला. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतले डॉक्टर, आणि रोगी तपासून उरलेल्या वेळात शिलालेख वाचणारे. त्यांनी शक वाचला ७८२. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजींनी तोच लेख पुन्हा तपासला आणि शक लावला ९८२. एका आकड्याचा फरक, पण दोनशे वर्षांचा. मुम्मुणीचे ताम्रपटही शके ९७० च्या आसपासचे मिळाले आहेत, म्हणजे हिशोब जुळतो. आणि हे भगवानलाल कोण? भाऊ दाजींकडेच कामाला असलेले, त्यांच्याच हाताखाली तयार झालेले. शिष्याने गुरूचा आकडा बदलला. त्यासाठी भगवानलालांचे चार मार्क कुणी कापले नाहीत, आणि भाऊ दाजींचंही नाव खाली गेलं नाही. भायखळ्याच्या म्युझियमला आज त्यांचंच नाव आहे.

हे सगळं मी आत्याला सांगितलं. ती म्हणाली, "मग तू जा शाळेत, सांग बाईंना." मी म्हटलं, जातो. तेवढ्यात पुतणी रडकुंडीला येऊन म्हणाली, "काका, प्लीज नको." आणि मी गप्प बसलो. वहीतलं उत्तर तिने 'पांडवांनी' असं पुन्हा लिहिलं, पेन दाबून, कागद फाटेल इतकं. घरातल्या कुणालाही ते बघून फारसं काही वाटलं नाही, मला सोडून. शाळेत न जाण्याचा माझा भित्रेपणा इथे कबूल करतो.

संध्याकाळी तिला घेऊन देवळात गेलो. उत्तरेच्या दारात उभे राहिलो, मोबाईलचा दिवा तिरपा धरला. अक्षरं उमटली, काही मिटलेली. तिने विचारलं, "काका, सात आणि नऊ इतके सारखे दिसायचे का रे तेव्हा?" मागे दर्शनाची रांग होती, लोक ढकलत होते, तरी ती बराच वेळ मान वर करून बघत राहिली.

महाशिवरात्रीला तिथे पाय ठेवायला जागा नसते. लेख बघायचा असेल तर त्याआधीच एखाद्या सकाळी या. बॅटरी आणा. आत्याकडे चहा मिळेल, तिचा राग तोवर उतरलेला असेल.